पहिली बासरी

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर विद्यार्थी

* बासरीची लांबी आणि तिचा सूर यांतील संबंध सांगू शकेल;
* शिकण्यायोग्य बासरी आणि शोभेची बासरी यांतील फरक ओळखू शकेल;
* मर्यादित खर्चात पहिली बासरी निवडताना घ्यावयाची काळजी स्पष्ट करू शकेल.

पाठ

काशीयात्रा करून परतणाऱ्या मराठी माणसाच्या सामानात गंगाजलाचा गडू असतोच. पुष्कळदा त्यासोबत एक बासरीही असते. उंच काठीला फांद्यांसारख्या बासऱ्या खोचून विक्रेता दशाश्वमेध घाटाच्या वाटेवर उभा राहतो, गोड धून वाजवतो आणि ऐकणाऱ्याचे पाऊल अडखळते. बासरी विकत घेतली जाते. घरी आल्यावर मात्र तीच बासरी फुसफुसते, किंचाळते किंवा गप्प राहते. चार दिवसांनी ती फळीवर जाते आणि घेणारा म्हणतो, “सूर माझ्या नशिबातच नाही.”

दोष नेहमी नशिबाचा किंवा कुवतीचा असतो असे नाही. अनेकदा तो बासरीचा असतो. म्हणूनच पहिली बासरी निवडणे हा शिक्षणाचाच पहिला धडा होय.

वाराणसी हे संगीताचे जुने पीठ आहे. 2015 साली युनेस्कोने या नगराचा समावेश संगीतासाठीच्या सर्जनशील शहरांमध्ये केला. शहनाईवादक उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे आयुष्य याच नगरात गेले. बासरीची परंपराही येथे मोठी आहे. अलाहाबादेत, म्हणजे आजच्या प्रयागराजमध्ये, 1938 साली जन्मलेल्या हरिप्रसाद चौरसियांनी तरुणपणी वाराणसीच्या पंडित भोलानाथ प्रसन्ना यांचे बासरीवादन ऐकले आणि पुढे त्यांच्याकडेच बासरीचे शिक्षण घेतले.

आज मैफलीत दिसणारी लांब बासरी मात्र फार जुनी नाही. पन्नालाल घोष (1911–1960) यांनी सुमारे 32 इंच लांबीची बासरी वापरून रागसंगीताला आवश्यक असा गंभीर, खालचा सूर साधला. त्यामुळे लोकसंगीतातील हे वाद्य रागसंगीताच्या मैफलीत मानाने विराजमान झाले.

बासरीत ध्वनी निर्माण होतो तो आतील हवेच्या कंपनामुळे. नळी जितकी लांब, तितका सूर खालचा; जितकी आखूड, तितका उंच. हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून बासरीचा स्वर ओळखला जातो. पांढरी एकची मध्यम बासरी साधारण दीड फूट लांब असते, तर पांढरी पाचची सुमारे दोन फूट. पांढरी तीनची मैफलीची बासरी जवळजवळ अडीच फुटांची असते.

मोठ्या बासरीचा खोल सूर नवशिक्यास मोहात पाडतो. परंतु तिची छिद्रे दूर दूर असतात. बोटे ताणली जातात, छिद्रे पूर्ण झाकली जात नाहीत आणि किंचित फटीतूनही हवा निसटली की सूर फाटतो. उलटपक्षी, जत्रेतील वीतभर बासरीचा आवाज कर्कश असतो आणि तिची छिद्रे बहुधा अंदाजाने पाडलेली असतात. म्हणून सहज हाताळता येणारी, दीड ते दोन फुटांच्या दरम्यानची बासरी आरंभासाठी सोयीची ठरते. सहाही छिद्रे बोटांच्या पेरांनी, हात न अवघडता झाकता येतात की नाही, हे दुकानातच पाहावे. शिक्षक ठरलेले असल्यास त्यांच्या वर्गात कोणत्या पट्टीची बासरी चालते, हे आधी विचारावे.

त्यानंतर बांबू तपासावा. दोन गाठींमधील सरळ, पक्व आणि पातळ भिंतीच्या कांड्याची बासरी चांगली वाजते. ती उजेडाकडे धरून तडा गेला आहे का, हे बघावे. छिद्रांच्या कडा गुळगुळीत असाव्यात. बासरीवर गुंडाळलेला दोरा बांबूला बळकटी देतो. पण त्याखाली जुनी चीर दडलेली नाही ना, याची खात्री करावी. चकचकीत रंग आणि गोंडे यांचा सुराशी काहीही संबंध नसतो.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा सुराची. ती नवशिक्याने कशी करावी? त्याला फुंकच येत नसते. अशा वेळी जाणकारास सोबत न्यावे. ते शक्य नसेल, तर विक्रेत्याला धून न वाजवता एकेक स्वर संथपणे धरून ठेवण्यास सांगावे. धून ऐकून बासरी घेणे हीच मोठी चूक असते. कारण तयार वादक ओठांच्या सूक्ष्म हालचालीने चुकलेला स्वरही सावरून घेतो. वरची तीन छिद्रे झाकल्यावर मिळणारा षड्ज तंबोऱ्याच्या किंवा हार्मोनियमच्या सुराशी जुळावा. तंबोऱ्याचा सूर आता मोबाइलवरही मिळतो. मग सहाही छिद्रे झाकून आधी हळू व नंतर जोराने फुंकल्यास मंद्र व मध्य पंचम मिळतात. हे दोन्ही पंचम एकमेकांशी जुळले नाहीत, तर ती बासरी खाली ठेवावी.

खर्चाचा प्रश्न राहतोच. मैफलीच्या बासरीला काही हजार रुपये पडतात. शिकण्याजोगी मध्यम बासरी काही शे रुपयांत मिळू शकते. प्लॅस्टिकच्या नळीची सुरेल बासरीही असते. तिचा नाद बांबूसारखा नसला, तरी ती तडकत नाही आणि सरावास चालते. बेसूर बासरी मात्र फुकट मिळाली तरी महागच पडते. कारण रोज चुकीचा स्वर ऐकून कानही चुकीचाच होतो.

घेतलेली बासरी उन्हात ठेवू नये, वाजवून झाल्यावर आतून पुसावी आणि अधूनमधून तेलाचा हलका हात द्यावा. पहिल्या दिवशी सूर निघाला नाही, तरी निराश होऊ नये. बासरी सुरात आहे याची खात्री असली, की उरतो तो केवळ सरावाचा प्रश्न; आणि सराव हा कोणाच्याही नशिबाबाहेरचा नसतो.

शब्दार्थ

पीठ – विद्येचे किंवा कलेचे प्रमुख स्थान
पक्व – पूर्ण वाढ झालेला
षड्ज – सप्तकातील पहिला स्वर, सा
पंचम – सप्तकातील पाचवा स्वर, प
मंद्र – खालचे सप्तक

स्वाध्याय

1. बासरी विकत घेणारा स्वतःच्या नशिबाला दोष का देतो?
2. पन्नालाल घोष यांनी बासरीत कोणता बदल घडवला?
3. विक्रेत्याची धून ऐकून बासरी घेणे योग्य का नाही?
4. ‘बेसूर बासरी फुकट मिळाली तरी महागच पडते’ या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
5. एखादे नवे कौशल्य शिकताना योग्य साधनाची निवड का महत्त्वाची ठरते, ते स्वतःच्या अनुभवाच्या आधारे दहा ओळींत लिहा.