ओलावा मोजणारा बोर्ड संगणकाशी जुळत नसल्यास तपासणी कशी करावी?

नागपूर भागात संत्र्याच्या आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत बागेला ताण देतात. ताण कमी पडला तर फुले कमी येतात आणि फाजील झाला तर पानगळ होऊन झाड अशक्त होते. भारी काळ्या जमिनीत वरचा थर भेगाळला तरी खाली ओल टिकून असते. त्यामुळे नुसत्या नजरेने अंदाज चुकतो. यासाठी काही बागायतदार ओलाव्याचा सेन्सर आर्डुइनो बोर्डाला जोडून त्याचे आकडे संगणकावर घेतात. हा बोर्ड २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी तयार झाला. तो स्वस्त व शिकण्यास सोपा आहे.

परंतु ऐन ताणाच्या दिवसांत संगणकावर आकडे येणे बंद झाले की बोर्ड जळाला असे समजून नवा विकत आणला जातो. बरेचदा दोष बोर्डात नसून बोर्ड व संगणक यांमधील जोडणीत असतो. म्हणून खर्च करण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

माहिती कशी जाते?

सिरियल जोडणीत माहितीचे बिट एकाच तारेतून एकामागून एक जातात. साधारणपणे एका अक्षरासाठी सुरुवातीचा १, माहितीचे ८ व शेवटचा १ असे १० बिट लागतात. गती ९६०० असेल तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. पाठविणारा व घेणारा या दोघांची गती एकच असली पाहिजे.

तपासणीचा क्रम

१) केबल : मोबाईल चार्जिंगच्या काही केबलमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, माहितीच्या नसतात. अशा केबलने बोर्डावरील दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. ज्या केबलने मोबाईलमधील फोटो संगणकावर घेता येतात, तशी केबल वापरावी.

२) पोर्ट व ड्रायव्हर : विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’ ही यादी उघडावी. केबल काढून पुन्हा लावावी. जे नाव जाते व परत येते तो आपला पोर्ट. नाव येतच नसेल किंवा पिवळी खूण दिसत असेल तर ड्रायव्हर तपासावा. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच ३४० ही चिप असते. तिचा ड्रायव्हर काही संगणकांवर वेगळा टाकावा लागतो.

३) अडलेला पोर्ट : एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम वापरू शकतो. आकडे नोंदविणारा दुसरा प्रोग्राम चालू असल्यास तो बंद करावा.

४) बोर्डाची निवड : प्रोग्राम चढविताना ‘नॉट इन सिंक’ असा संदेश आल्यास मेनूमधील बोर्डाचे नाव व पोर्ट पाहावा. नॅनो बोर्ड असल्यास ‘ओल्ड बूटलोडर’ हा पर्याय निवडून पाहावा.

५) पिन ० व १ : उनो व नॅनो बोर्डांवर संगणकाशी बोलणे याच दोन पिनांवरून होते. त्यांवर सेन्सर किंवा रिले जोडू नये. जोडलेला असल्यास काढून दुसऱ्या पिनेवर घ्यावा.

६) गती : पडद्यावर आकड्यांऐवजी विचित्र चिन्हे येत असतील तर गती जुळत नाही. प्रोग्राममध्ये ९६०० असेल तर सिरियल मॉनिटरमध्येही ९६००च ठेवावी.

पडद्यावर आकडे स्पष्ट येत असून ते सतत ० किंवा १०२३ च राहत असतील तर जोडणी ठीक आहे. अशा वेळी सेन्सरच्या तारा तपासाव्यात.

वळसा चाचणी

वरील उपायांनी दोष सापडला नाही तर उनो किंवा नॅनो बोर्डावर ही चाचणी करावी. बोर्डाला जोडलेल्या सेन्सरच्या व रिलेच्या सर्व तारा काढाव्यात. रीसेट पिन ग्राउंडला जोडावी, त्यानंतर ० व १ या पिना एका तारेने एकमेकींना जोडाव्यात. ५ व्होल्टची पिन ग्राउंडला लागू देऊ नये. सिरियल मॉनिटरमध्ये काही अक्षरे लिहून पाठवावीत. तीच अक्षरे परत आली तर केबल, पोर्ट व ड्रायव्हर चांगले आहेत. दोष प्रोग्राममध्ये, बोर्डाच्या निवडीत किंवा मुख्य चिपमध्ये शोधावा. परत न आल्यास पहिले तीन मुद्दे पुन्हा पाहावेत.

विशेष दक्षता

• सिरियल मॉनिटर उघडताच उनो व नॅनो बोर्ड नव्याने सुरू होतात. बोर्डावर पंपाचा रिले असल्यास ताणाच्या काळात नको तेव्हा पाणी सुटू शकते. तपासणीपूर्वी पंपाचा मुख्य स्विच बंद करावा.

• जुन्या संगणकाच्या नऊ पिनांच्या पोर्टमध्ये ५ व्होल्टपेक्षा जास्त व उलट दाबही असतो. बोर्ड त्याला थेट जोडू नये, जळेल.

• यूएसबी केबल ५ मीटरपेक्षा लांब नसावी. बाग दूर असल्यास आरएस-४८५ पद्धत वापरावी. कमी गतीला ती सुमारे १२०० मीटरपर्यंत चालते.

जोडणी सुधारल्यावर लगेच पाण्याचा निर्णय घेऊ नये. सेन्सरजवळची माती गिरमिटाने काढून वजन करावी, १०५ अंश सेल्सिअस तापमानात २४ तास वाळवून पुन्हा वजन करावे. वजनातील घट भागिले कोरडे वजन गुणिले १०० म्हणजे ओलाव्याचे शेकडा प्रमाण. कोरड्या व ओल्या मातीचे असे काही नमुने सेन्सरच्या आकड्यांशी ताडून पाहावेत आणि मगच त्या आकड्यांवर बागेचा ताण ठरवावा.