कानांनी पाहिलेली भीती

मुलांनो, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात श्रूजबरी, ग्रोव्हर्स मिल अशी लहान गावे आहेत. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री रेडिओवर बातमी ऐकू आली, की ग्रोव्हर्स मिलमध्ये मंगळावरचे प्राणी उतरले आहेत! खरे तर ते ऑर्सन वेल्स यांचे नाटक होते. तसे सुरुवातीला सांगितलेही होते. पण उशिरा रेडिओ लावणाऱ्यांना ते कसे कळावे? काही लोक खरोखरच घाबरले. वर्तमानपत्रांनी ती घबराट फुगवून सांगितली, ते वेगळेच!

दूरदर्शनवर राक्षस दिसतो. रेडिओवर तो आपणच मनात रंगवतो, म्हणून अधिक भयंकर वाटतो. नाटकवाले पातळ पत्रा हलवतात आणि आपल्याला ढगांचा गडगडाट ऐकू येतो. तुम्ही दोन करवंट्या फरशीवर आळीपाळीने आपटा. मित्राला डोळे मिटायला सांगा. कोण दौडत आले, ते त्याला विचारा.