अंजिराची शपथ आणि फांदीची अमानत

पवित्र कुरआनच्या ९५ व्या सूरहचे नाव ‘अत्-तीन’, म्हणजे अंजीर. अवघ्या आठ आयतींच्या या मक्की सूरहमध्ये अल्लाहने अंजीर, जैतून, सीनाई पर्वत आणि मक्केचे सुरक्षित नगर यांची शपथ घेतली आहे. शपथेनंतरचा विषय माणूस आहे. त्याची निर्मिती सर्वोत्तम घडणीत झाली, तो नीचतम पातळीलाही घसरू शकतो, मात्र ईमान राखून सत्कर्मे करणाऱ्यांसाठी कधीही न खंडणारा मोबदला आहे.

अर्थ आणि सावधगिरी

काही भाष्यकारांनी अंजीर व जैतून या शब्दांतून शाम आणि बैतुल मक्दिसच्या भूमीचा संकेत घेतला आहे. इमाम तबरी (रह.) यांनी मात्र आपण खातो तेच फळ, या सरळ अर्थाला पसंती दिली. अंजीर स्वर्गातून उतरलेले फळ असून ते मूळव्याधीवर गुणकारी आहे, अशी एक रिवायत घरोघरी सांगितली जाते. इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी ‘जादुल मआद’मध्ये तिच्या सत्यतेविषयी शंका नोंदवली आहे. म्हणून ती प्रेषितांच्या (स.) नावाने पुढे सांगू नये. ज्या फळाची शपथ खुद्द अल्लाहने घेतली, त्याच्या थोरवीला अशा आधाराची गरज नाही.

वाण कसे टिकते?

आपल्याकडे दौलताबादचे आणि पुरंदर तालुक्यातील ‘पुणे अंजीर’ ही जुनी वाणे आहेत. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या अंजिराचे फळ परागीभवनाशिवायच धरते, त्यामुळे आतील बी सहसा पोकळ असते. बी रुजवून हे वाण पुढे नेता येत नाही. कोणीतरी फांदी कापून मातीत खोचावी, तरच ते पुढच्या पिढीला मिळते. आज हाती येणाऱ्या प्रत्येक फळामागे अशा अनेक अनाम हातांची साखळी आहे. एका पिढीने हात आखडला, तर साखळी तुटते. अमानत म्हणतात ती हीच.

लागवड आणि आस्वाद

पक्व फांदीचे वीतभर लांबीचे, चार-सहा डोळ्यांचे छाट घ्यावे आणि निम्म्याहून अधिक भाग मातीत पुरावा. पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. साचलेले पाणी मुळांना सोसत नाही. नव्या फुटीवर फळ येत असल्याने छाटणी आवश्यक असते. पावसाळ्यात येणारा तो खट्टा बहार आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा तो मीठा बहार. मीठ्या बहाराची गोडी अधिक. कच्चे तोडलेले अंजीर नीट पिकत नाही. देठ वाकून फळ मऊ पडले, की पहाटे तोडावे आणि ‘बिस्मिल्लाह’ म्हणून ताजेच खावे. ते एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. साठवण्यापेक्षा वाटण्यासाठीच जणू ते निर्माण झाले आहे!

फळातील हक्क

मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणूस, पक्षी वा जनावर जे कोणी खाईल, ते त्याच्यासाठी सदका ठरते, असे प्रेषितांनी (स.) शिकवले (बुखारी, मुस्लिम). इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते फळांवरही उश्र आहे: पावसावरच्या पिकाचा दहावा आणि पाणी देऊन वाढवलेल्या पिकाचा विसावा हिस्सा. इतर इमामांचे मत वेगळे आहे; बागायतदारांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

याहून नाजूक प्रश्न विक्रीचा आहे. फळ धरण्याआधीच बाग व्यापाऱ्याला देऊन पैसे घेण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. फळ पक्वतेला लागल्याचे दिसण्यापूर्वी विकण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली. तांबेऱ्याने पाने गळाली वा अवकाळी पावसाने बहार गेला, तर आपल्या भावाचा पैसा कोणत्या हक्काने घ्यावा? गरज तातडीची असली, तरी रोजी हलाल राहिली पाहिजे.

घरासाठी धडा

कियामत येऊन ठेपली आणि हाती रोप असेल, तरी शक्य असल्यास ते लावावे, अशी शिकवण ‘मुसनद अहमद’मधील हदीसमध्ये आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी या पावसाळ्यात मुलांच्या हातून एक छाट लावून घ्यावे, त्यांच्यासोबत सूरह अत्-तीन अर्थासह वाचावी, आणि दुसरे छाट शेजाऱ्याला द्यावे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. झाड आपल्यानंतर फळेल. मोबदला न खंडणारा आहे.

अल्लाह आपणा सर्वांना अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.