आपल्या मराठवाड्याचा अष्टपैलू : संजय बांगर



या खेपेला गुरुजींनी मला 'माझा आवडता खेळाडू' या विषयावर माहितीचा लेख लिहायला सांगितला. वर्गात सगळ्यांनी सचिन, धोनी, विराट अशी नावं घेतली. मी 'संजय बांगर' म्हणालो, तर मागच्या ओळीतली पोरं म्हणाली, "हे कोण रे?" म्हणून हा लेख.

हे नाव मी का घेतलं ते आधी सांगतो. आमच्या टीममध्ये मी बॅटिंगला पहिला नाही आणि बॉलिंगलाही पहिला नाही. कप्तान म्हणतो, "तुला दोन्ही थोडं थोडं येतं, तुला घालावं तरी कुठं?" आणि मला पार कुंपणाच्या बाभळीजवळ उभं करतो. घरी गेलो की बाबा विचारतात, "बॉल-बॅटीनं पोट भरतं व्हय रे?" या दोन प्रश्नांची उत्तरं मला बांगर यांच्या माहितीत सापडली.

अष्टपैलू म्हणजे काय?

हिऱ्याला पैलू असतात. ज्याला अनेक बाजू, तो अष्टपैलू. क्रिकेटमध्ये जो फलंदाजीही करतो आणि गोलंदाजीही करतो, त्याला अष्टपैलू म्हणतात. संघात माणसं अकराच. पण त्यातल्या एकाला दोन्ही कामं येत असली, तर कप्तानाला जणू बारावा गडी मिळतो. पेरणीच्या दिवसांत ज्याला तिफण हाकता येते आणि चाड्यावर मूठही धरता येते, अशा माणसाला सगळे बोलावतात की नाही? तसंच हे.

जन्म आणि सुरुवात

माझी आज्जी बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगते. लोक खडी फोडायला जात आणि सुकडी खात. त्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १९७२ रोजी, आपल्या मराठवाड्यात बीड येथे संजय बांगर यांचा जन्म झाला. लहान वयात ते महाराष्ट्र आणि मुंबई यांच्या मुलांच्या संघांतून खेळले. पण मोठ्यांच्या रणजी सामन्यांत ते १९९३-९४ पासून रेल्वेच्या संघाकडून खेळू लागले. रेल्वेचा संघ म्हणजे रेल्वेत नोकरी करणाऱ्या खेळाडूंचा संघ. आपल्या औंढ्याला रेल्वे नाही, गाडी बघायला हिंगोलीला जावं लागतं. पण गाडी चालवणारी रेल्वे क्रिकेटचा संघही चालवते, हे मला आधी ठाऊक नव्हतं. या संघानं २००१-०२ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि २००४-०५ मध्ये पुन्हा जिंकला.

भारताच्या संघात

भारताकडून पहिली कसोटी खेळायला बांगर यांना वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध ही कसोटी झाली. त्याच कसोटीत औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी हेही पहिल्यांदा खेळले. म्हणजे एकाच दिवशी मराठवाड्याचे दोन खेळाडू भारताकडून मैदानात उतरले! तो सामना भारतानं दहा गडी राखून जिंकला. सिद्दिकी यांना पुढं कसोटी मिळाली नाही, ती एकच. बांगर यांना बारा मिळाल्या.

फेब्रुवारी २००२ मध्ये नागपूरला झिंबाब्वेविरुद्ध बांगर यांनी नाबाद १०० धावा केल्या. ते त्यांचं कसोटीतलं एकमेव शतक.

लीड्सची कसोटी

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. ऑगस्ट २००२ मध्ये भारताचा संघ इंग्लंडमध्ये होता. भारत एक कसोटी हरलेला होता. तिसरी कसोटी लीड्स गावी हेडिंग्ले मैदानावर होती. आभाळ भरून आलेलं, खेळपट्टी वेगवान गोलंदाजांच्या सोयीची. अशा हवेत चेंडू हवेत वळतो आणि टप्पा पडल्यावरही इकडं तिकडं जातो. तरी कप्तान सौरव गांगुली यांनी नाणेफेक जिंकून फलंदाजीच घेतली. सलामीला बांगर यांना पाठवलं. १५ धावा झाल्या आणि वीरेंद्र सेहवाग बाद झाले. मग राहुल द्रविड आले.

बांगर यांनी त्या डावात ६८ धावा केल्या. तुम्ही म्हणाल, अडुसष्टच? पण त्यासाठी ते २३६ चेंडू खेळले. हिशेब करून बघा. २३६ भागिले ६, म्हणजे ३९ षटकं आणि वर २ चेंडू त्यांनी एकट्यानं खेळून काढले. दोघांनी मिळून १७० धावांची भागीदारी केली. तोवर चेंडू जुना झाला आणि गोलंदाज दमले. मग सचिन तेंडुलकर यांनी १९३ आणि गांगुली यांनी १२८ धावा केल्या. द्रविड यांच्या १४८ झाल्या. भारतानं ८ बाद ६२८ वर डाव सोडला. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात बांगर यांनी दोन गडीही बाद केले. भारत एक डाव आणि ४६ धावांनी जिंकला.

तीन शतकं सगळ्यांच्या ध्यानात राहिली, अडुसष्ट कमी जणांच्या. पण मला वाटतं, घर बघणारा भिंती बघतो, पाया कुणी बघत नाही. त्या सामन्याचा पाया बांगर यांनी घातला.

असंच न दिसणारं काम नाशिकला जन्मलेल्या बापू नाडकर्णी या अष्टपैलू खेळाडूनं केलं होतं. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला त्यांनी इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ षटकं निर्धाव टाकली. ३२ षटकांत दिल्या फक्त ५ धावा! गडी एकही बाद झाला नाही, पण समोरचा हलू शकला नाही.

थोडं गणित

बांगर यांनी १२ कसोटींत ४७० धावा केल्या आणि ७ गडी बाद केले. ते १६ वेळा बाद झाले. ४७० ला १६ ने भागा, सरासरी येते २९.३७. (जितक्या वेळा बाद, तितक्यानंच भागायचं. नाबाद डाव धरायचा नाही. आमच्यातले पुष्कळजण इथंच चुकतात.) त्यांची शेवटची कसोटी डिसेंबर २००२ मध्ये न्यूझीलंडमध्ये झाली. म्हणजे कसोटीचा सगळा काळ एका वर्षाचा.

पण खेळ तिथं संपला नाही. २००३ च्या विश्वचषकाच्या संघात त्यांची निवड झाली होती. एकदिवसीय सामने ते १५ खेळले. भारताच्या संघातलं स्थान गेल्यावर ते रुसून घरी बसले नाहीत, रेल्वेकडून खेळतच राहिले. जानेवारी २०१३ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचे १६५ सामने, ८,३४९ धावा आणि ३०० बळी होते. कसोटी बारा, पण बाकीचे दीडशेच्या वर सामने त्यांनी तितक्याच मन लावून खेळले. पुढं ते शिकवू लागले. २०१४ ते २०१९ ते भारतीय संघाचे फलंदाजीचे प्रशिक्षक होते.

मग पोट भरतं का?

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मी खरं खरं देतो. सगळ्यांचं भरत नाही. देशात लाखो पोरं खेळतात आणि भारताच्या संघात अकराच जातात. सिद्दिकींसारख्या चांगल्या खेळाडूलाही एकच कसोटी मिळाली. पण भारताच्या संघाशिवायही खेळात जागा असते. रेल्वे खेळाडूंना नोकरी देते. मुलींनो, रेल्वेचा महिलांचा संघ तर देशात नावाजलेला आहे, मिताली राज याच संघाकडून खेळल्या. मात्र गुरुजी म्हणाले, खेळाडूंसाठी राखलेल्या जागेलाही शाळा शिकलेली असावी लागते. म्हणजे पुस्तकही पाहिजे आणि बॅटही पाहिजे. हेही अष्टपैलूपणच झालं.

कप्तानाच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. 'थोडं थोडं' येतं म्हणून माणूस बिनकामाचा होत नाही. जे काम दिलं ते नेटानं केलं, तर संघाला त्याचा उपयोग होतोच. आता मी बाभळीजवळ उभा राहतो, पण झोपा काढत नाही. परवा तिथंच एक कॅच घेतला, काटे लागले तरी सोडला नाही.

आईवडिलांना एकच विनंती. जनावरांचं वैरण-पाणी आणि अभ्यास झाल्यावर आम्हाला सांजच्याला एक तास खेळू द्या. काम चुकवलं तर खुशाल रागवा.

हा लेख मी घरी वाचून दाखवला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रेल्वेत लागायला कितवी लागते रे?" मी म्हणालो, "बाबा, गुरुजींना विचारून सांगतो."

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी, औंढा नागनाथ