वार, प्राणवायू आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या

तीन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात वहिनीचे पाय सुजले. "पहिलटकरणीचे पाय सुजायचेच," असे आजी म्हणाली आणि आम्ही स्वस्थ बसलो. चार दिवसांनी डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा दवाखाना गाठला. रक्तदाब १७०/११० होता. वहिनी व बाळ दोघेही वाचले. आता तिला पुन्हा दिवस गेले आहेत. परवा मामाने तिच्यासाठी शहरातून क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणल्या. त्या द्याव्यात का? मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरी वाचून जे समजले ते येथे मांडते.

या विकाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो आणि बहुधा लघवीतून प्रथिने जातात. मूळ दुखणे वारेशी निगडित असते. वारेला रक्त पुरविणाऱ्या नागमोडी रोहिण्या एरवी रुंद होतात. येथे त्या अरुंदच राहतात. रक्तपुरवठा कमी-अधिक होतो आणि प्राणवायूपासून अतिक्रियाशील कण वाजवीपेक्षा जास्त तयार होतात. चिरलेले वांगे उघड्यावर काळे पडते, तीही प्राणवायूचीच करणी. या कणांना आवरणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. ते अपुरे पडले की ऑक्सिडीकरणाचा ताण येतो. वारेतून रक्तात उतरलेल्या द्रव्यांनी रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, वाहिन्या आकसतात आणि दाब चढतो.

क आणि ई ही जीवनसत्त्वे अँटिऑक्सिडंटच आहेत. १९९९ साली लंडनमध्ये २८३ स्त्रियांवरील प्रयोगात त्यांचा गुण दिसला. परंतु २००६ साली ब्रिटनमध्ये सुमारे २,४०० स्त्रियांवर प्रयोग झाला, तेव्हा विकार कमी झाला नाही. उलट कमी वजनाची बाळे अधिक जन्मली. २००९ साली भारतासह चार देशांतील प्रयोगातही लाभ आढळला नाही. म्हणून या विकाराच्या प्रतिबंधासाठी ही जीवनसत्त्वे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली सांगितले.

मग उपाय कोणते? आहारात कॅल्शियम कमी असल्यास ते द्यावे. धोका अधिक असणाऱ्यांना डॉक्टर लवकरच ॲस्पिरिनची अल्प मात्रा सुरू करतात. झटके टाळण्यास मॅग्नेशियम सल्फेट आहे.

सुंदर तर्क खरा असेलच असे नाही, हे मी यातून शिकले. मामाच्या गोळ्या फडताळात आहेत. वहिनीला घेऊन मी दवाखान्यात जाते आणि रक्तदाबाचे आकडे वहीत लिहून ठेवते. पाय सुजले तर या वेळी आम्ही चार दिवस थांबणार नाही.