शेतकऱ्यांचे ग्रेंज

गाव म्हटले की घराला लागून घर, मध्ये पार, चावडी आणि देऊळ असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. अमेरिकेतील शेतकऱ्याचे तसे नव्हते. त्याचे घर त्याच्या शेतातच असे आणि शेजारी पुष्कळदा मैलभर दूर. दीडशे वर्षांपूर्वी तेथे मोटारी नव्हत्या की टेलिफोन नव्हते. हिवाळ्यात बर्फ पडू लागले म्हणजे घरच्या माणसांखेरीज दुसऱ्या कोणाचे तोंड दिसणे कठीण होई. या एकाकीपणाचा जाच बायकांना अधिक होई, हे वेगळे सांगावयास नको.

ऑलिव्हर हडसन केली हा मिनेसोटा राज्यातील शेतकरी. पुढे तो वॉशिंग्टन येथे सरकारच्या शेतकी खात्यात कारकून झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. दुसऱ्याच वर्षी खात्याने त्याला दक्षिणेकडील शेतीची पाहणी करण्यास धाडले. तेथील दैन्य पाहून त्याच्या मनाने घेतले की, शेतकरी एकत्र बसल्यावाचून त्यांची स्थिती सुधारणार नाही. ४ डिसेंबर १८६७ रोजी सहा सोबत्यांसह त्याने एक संस्था स्थापन केली. तिच्या शाखांना 'ग्रेंज' असे नाव पडले. धान्याचे कोठार असा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे.

केलीची भाची कॅरोलाइन हॉल हिने आग्रह धरला की, स्त्रियांनाही पुरुषांच्या बरोबरीने सभासद करून घ्यावे. तसे झाले, इतकेच नव्हे, तर चार पदे स्त्रियांसाठीच राखून ठेवली गेली. देशाच्या राज्यघटनेने स्त्रियांच्या मताधिकाराला १९२० साली मान्यता दिली. ग्रेंजच्या सभेत मात्र त्या आरंभापासून मत देत होत्या!

सभेला सारे कुटुंब येई. घरून आणलेले पदार्थ एकमेकांस वाढावेत, गाणी म्हणावीत, बियाण्यांविषयी व जनावरांविषयी बोलावे, असा क्रम असे. पण बोलता बोलता सर्वांचे दुखणे एकच आहे हे ध्यानात आले. रानात पिकलेला गहू शहरात नेणारी आगगाडी बहुधा एकाच कंपनीची. ती मागेल ते भाडे मुकाट्याने द्यावे लागे. शिकागोस पोहोचल्यावर धान्य ज्या प्रचंड कोठारांत ठेवीत, त्यांचे मालक आपसांत संगनमत करून दर ठरवीत.

शेतकऱ्यांनी कायदेमंडळांकडे धाव घेतली. इलिनॉय राज्याने १८७१ साली कोठारभाड्याची मर्यादा कायद्याने ठरविली होती. आमच्या मालमत्तेत सरकारने हात का घालावा, असे म्हणून मन नावाच्या कोठारवाल्याने न्यायालयात दाद मागितली. १८७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपैकी सातांनी निर्णय दिला : ज्या मालमत्तेशी जनतेचे हित निगडित आहे, तिच्यावर जनतेचे नियंत्रण असू शकते. तोवर ग्रेंजची सभासदसंख्या आठ लाखांवर जाऊन उतरणीसही लागली होती. आयोवातील ग्रेंजने कापणीची यंत्रे स्वतःच तयार करण्याचे साहस केले. त्यात ती बुडाली. धान्य पिकविणे निराळे आणि कारखाना चालविणे निराळे.

तरीही संस्था टिकली, आणि आजही आहे. शहरातील माणसास टपाल घरपोच मिळे, शेतकऱ्यास मात्र एका पत्रासाठी गाव गाठावे लागे. ग्रेंजने याविरुद्ध वर्षानुवर्षे अर्ज केले. अखेर १८९६ साली सरकारने खेड्यांतही टपाल घरपोच देण्याचा प्रयोग सुरू केला, आणि टपालवाला शेतातील घरापर्यंत येऊ लागला.