साखर नॉर्मल आली, पण पाय कुणी पाहिले?

(आत्या सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. प्रश्न भाचीचे.)

भाची : आत्या, बाबांची उपाशीपोटीची साखर ११० आली. डॉक्टरांनी गोळ्या त्याच ठेवल्यात. म्हणजे सगळं ठीक ना?

आत्या : त्या सकाळपुरतं. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस दादा गोडाला हात लावत नाही, मला ठाऊक आहे. एचबीए१सी कधी केली होती?

भाची : गेल्या वर्षी असेल.

आत्या : घ्या! तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांना चिकटलेली साखर त्यात मोजतात, म्हणून दोन दिवसांचं पथ्य तिथं खपत नाही. साखर आटोक्यात असली तरी वर्षातून दोनदा करावी, नसेल तर दर तीन महिन्यांनी. अंगात रक्त कमी असलं की हाही आकडा फसवतो, ते वेगळंच.

भाची : पण दवाखान्यात तर ते दर महिन्याला जातात.

आत्या : जाऊन काय होतं? वजन, बीपी आणि जुन्या चिठ्ठीची नक्कल. चप्पल काढायला कुणी सांगितलं कधी?

भाची : चप्पल कशाला?

आत्या : तळव्याच्या नसा बधिर झाल्या की खडा रुतलेला कळत नाही. दुखतच नाही, तर माणूस सांगणार काय? आमच्या वॉर्डात बोट काळं पडल्यावरच यायचे गं. तपासायला नायलॉनचा एक तंतू पुरतो. पेशंटनं डोळे मिटायचे, आपण तंतू तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. तेवढ्यानं १० ग्रॅमचा दाब पडतो. तो कळला नाही, तर पाय धोक्यात.

भाची : एवढं सोपं, मग करत का नाहीत?

आत्या : बाहेरची रांग पाहिलीस ना? आयसीएमआरच्या पाहणीचा २०२३ साली आलेला अंदाज देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचा आहे. सगळ्यांचे पाय डॉक्टर कुठवर बघणार? परिचारिकेला हे सहज शिकवता येतं. पण ते काम तिला नेमून देत नाहीत, ही माझी खरी तक्रार. आणि टीबीच्या पेशंटनं औषध सोडलं तर आशाताई दारात येते. साखरेचा पेशंट सहा महिने फिरकला नाही, तर कुणाच्या गावीही नसतं.

भाची : डोळे, किडनी?

आत्या : दोन्ही वर्षातून एकदा. बाहुली मोठी करून आतला पडदा बघायचा. लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं. दिसतंय म्हणून थांबू नये, पडदा बिघडत असतानाही नजर बरेच दिवस शाबूत राहते. पुढच्या खेपेला दादाबरोबर तू जा, आणि चिठ्ठी लिहायच्या आधीच म्हण, ‘डॉक्टर, आज पायही बघा.’